श्वानगृहाचे माप आणि धर्म

तासगावच्या द्राक्षबागांच्या राखणीसाठी जो श्वान पाळला जातो, त्याच्या निवाऱ्याचे माप काय असावे, हा प्रश्न वरकरणी सुताराच्या अखत्यारीतील वाटला, तरी वस्तुतः तो धर्मविचाराचा आहे. कारण ज्याला दाद मागता येत नाही, अशा जीवाच्या स्वातंत्र्याची हद्द येथे मालक आखीत असतो.

सोबतच्या श्वानाचा त्याग करून स्वर्गात जाण्यास युधिष्ठिराने नकार दिला आणि तो श्वान साक्षात धर्मच निघाला, असे महाभारत सांगते. आश्रिताशी होणारे आपले वर्तन हीच धर्माची कसोटी, हा त्या कथेचा मथितार्थ. तेव्हा श्वानगृहाचे माप मालकाच्या सोयीने न ठरविता आश्रिताच्या देहावरून ठरवावे: त्याला मस्तक न लववता उभे राहता यावे, सहज वळता यावे, पाय ताणून निजता यावे. खांद्यापाशी सुमारे २७ इंच उंचीच्या करवानी श्वानाला बुटके खोपट म्हणजे शिक्षाच. उलट निजण्याची जागा अवाजवी प्रशस्त केली, तर पौषातील थंडीत अंगाची ऊब टिकत नाही. म्हणून निवारा बेताचा आणि अंगण मोकळे, हाच विवेक.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने अपुरा पिंजरा, अवाजवी आखूड साखळी आणि सदैव बांधलेल्या श्वानाला न फिरविणे हे गुन्हे मानले आहेत. परंतु रानातील एकाकी वस्तीवर सरकारी अंमलदार क्वचितच पोहोचतो, आणि तेथे मालकाची सदसद्विवेकबुद्धी हीच अदालत असते. अन्य जीवावरील मालकी ही ईश्वराने सोपविलेली अमानत मानून तिचा हिशेब प्रत्येकाने नित्य स्वतःशी द्यावा, अशी माझी निष्ठा आहे.