यूका आणि अहिंसा

मेरुतुंगाचार्यांनी चौदाव्या शतकाच्या आरंभी रचलेल्या 'प्रबंधचिंतामणी'त गुजरातच्या कुमारपाल राजाची एक कथा आहे : सपादलक्ष देशातील एका धनिकाने, पत्नीने केसांतून काढून हाती दिलेली ऊ चिरडून मारली, तेव्हा प्राणिहत्याबंदीचा हुकूम अमलात आणणाऱ्या अंमलदारांनी त्याला राजधानी अणहिलपाटणास नेले, आणि त्याची सारी मिळकत जप्त करून तिच्यातून 'यूकाविहार' (यूका म्हणजे ऊ) नावाचे मंदिर उभारण्यात आले. ही शिक्षा अतिरेकाची खरी. पण तिच्यामागचा प्रश्न, मांडीवर पांढरे फडके पसरून लेकीचे केस विंचरणाऱ्या आणि सापडलेली ऊ दोन अंगठ्यांच्या नखांत धरणाऱ्या प्रत्येक आईपुढे आजही उभा आहे.

भागवताच्या पाचव्या स्कंधात डास, उवा, ढेकूण यांना पीडणाऱ्यासाठी अंधकूप नावाचा नरक सांगितला आहे, आणि त्याचे कारण मोठे मार्मिक आहे : या जीवांची वृत्तीच ईश्वराने तशी नेमलेली असून परव्यथा त्यांना कळत नाही, माणसाला मात्र ती कळते. दोषाचे मूळ असे जाणिवेत असेल, तर रात्रभर डोके खाजवून मानेवर ओरखडे उठलेल्या, आणि बाकावरची मैत्रीण दूर सरकली म्हणून घरी येऊन मुसमुसणाऱ्या मुलीची व्यथा त्याच जाणिवेला आधी दिसली पाहिजे.

ऊ अंगणात हलकेच सोडणाऱ्या सत्शील माणसांविषयी मला आदर आहे. परंतु माणसाच्या मस्तकावाचून ती एक-दोन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही, तेव्हा ते जीवदान नव्हे, मरण नजरेआड करणे होय. जैन मुनींचा केशलोच, म्हणजे हाताने केस उपटून काढणे, मला याहून खरा वाटतो, कारण तो त्या जीवाला आश्रयच देत नाही आणि मारण्याचा प्रसंगही येऊ देत नाही.

गृहस्थाच्या हाती फणी आहे. केस भिजवून, बारीक दातांची फणी टाळूपासून टोकापर्यंत बटेबटेने फिरवावी, दर वेळी फडक्याला पुसावी, आणि दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे, हा क्रम चालवावा. लीख सात ते नऊ दिवसांत फुटते, पण तिच्यातून निघालेले पिल्लू अंडी घालण्याजोगे होण्यास आणखी आठवड्याहून अधिक काळ लागतो, आणि तेवढ्या मुदतीत ते निघाले तर पुढची पिढी जन्मासच येत नाही, मग ती मारावी कोठून लागणार? आळसाने महिनाभर दुर्लक्षिलेले डोके याच्या कितीतरी पट हत्या मागून घेते. सीताफळाच्या बियांची पूड मात्र डोक्याला लावू नये. ती डोळ्यांत गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते.

ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोके लागले की ती सरकते, स्वच्छ केसांतही सरकते. त्यामुळे मुलीवर अस्वच्छतेचा ठपका ठेवून रागाने तिचे केस भादरणे ही निखालस हिंसा आहे, आणि फणी ज्या दिवशी तिच्या केसांतून फिरेल त्याच दिवशी ती आईच्या, आजीच्या आणि धाकट्या भावाच्याही केसांतून फिरली पाहिजे.