पाचवे कारण

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात असे सांगून अधिष्ठान, कर्ता, करण, नानाविध चेष्टा आणि दैव अशी त्यांची गणना केली आहे, आणि या पाचांचा मेळ असताना जो केवळ आपल्यालाच कर्ता समजतो त्याच्या बुद्धीवर संस्कार झालेला नाही, असा निर्वाळाही लगोलग दिला आहे. हे विवेचन वाचताना पंडितांच्या डोळ्यांपुढे यज्ञ किंवा युद्ध उभे राहत असेल. माझ्या डोळ्यांपुढे मोटारसायकल उभी राहते, आणि त्यात काही अनौचित्य आहे असे मला वाटत नाही, कारण मूळ उपदेशही एका वाहनावर बसूनच झालेला आहे.

कठोपनिषदातील रथाच्या रूपकात आत्मा हा रथाचा स्वामी, बुद्धी ही सारथी, मन हा लगाम आणि इंद्रिये हे घोडे, अशी कामांची चोख वाटणी आहे. धनी बसून राहतो, हाकणारा हाकतो आणि एकाच्या जिम्म्यात दुसऱ्याने ढवळाढवळ करण्याचा प्रसंग येत नाही. मोटारसायकलीवर ही वाटणी मोडते. सरकारी दप्तरात ज्याच्या नावे वाहनाची नोंद असते तोच बहुधा हँडल धरतो, पेट्रोलची टाकी त्याच्याच गुडघ्यांमध्ये असते, त्याच्याच अंगाच्या झुकण्याने गाडी वळते आणि पावसाचा मारा त्याच्याच छातीवर होतो. अशा स्थितीत ‘मी चालवितो’ हा अभिमान जितक्या सहजतेने उत्पन्न होतो तितका तो एस. टी.च्या उतारूस, किंबहुना चारचाकीच्या मालकासही, होणे शक्य नाही. म्हणून कर्तृत्वाच्या प्रश्नाची परीक्षा घ्यावयाची तर ती याच वाहनावर घ्यावी.

ती घेऊ लागावे तो पहिल्याच वळणावर अभिमानाची पंचाईत होते. गाडी चांगल्या वेगात असताना डावीकडे वळावयाचे झाले तर स्वार हँडलचा डावा दांडा किंचित पुढे ढकलतो, म्हणजे पुढचे चाक क्षणभर चक्क उजवीकडे वळवितो. त्यामुळे गाडी डावीकडे कलते आणि कलली की त्या बाजूस वळते. हे प्रत्येक स्वार करतो, परंतु आपण असे करतो हे त्याला सांगितले तर दहांपैकी नऊ जण ते साफ नाकबूल करतील. विमानविद्येमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेले विल्बर राइट हे मूळचे सायकलींचे कारखानदार. त्यांनी डावीकडे कसे वळता, हा प्रश्न डझनावारी सायकलस्वारांना विचारून पाहिला आणि पहिल्या खेपेस संपूर्ण बिनचूक उत्तर देणारा त्यांना एकही आढळला नाही. धावती दुचाकी उभी कशी राहते, याविषयीही तीच कथा. फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे आणि पुढच्या चाकाच्या विशिष्ट ठेवणीमुळे ती तोल सावरते, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात होते; 2011 साली डेल्फ्ट व कॉर्नेल येथील संशोधकांनी या दोन्ही गोष्टींचा प्रभाव नाहीसा करून बनविलेली सायकल स्वारावाचूनही आपला तोल राखते, हे ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि जुन्या उपपत्तीची मातब्बरी कमी झाली. तात्पर्य इतकेच की, मंडईपर्यंत जाऊन भाजी आणण्याचे जे कर्म मी स्वतःचे म्हणून मिरवितो, त्यातील मुख्य कसब माझ्या हातांस अवगत आहे आणि मला मात्र त्याची वार्ता पुस्तकातून कळते. कर्ता हे बिरुद ज्याला लावावयाचे, त्यालाच आपल्या कृतीची हकीकत मागाहून ऐकावी लागावी, यावरून ते बिरुद किती सैल बसले आहे हे दिसून येईल.

करण, म्हणजे साधन, या तिसऱ्या कारणाविषयी फार लिहिण्याचे प्रयोजन नाही, कारण त्याचे भाष्यकार गल्लोगल्ली गॅरेजात बसलेले आहेत. चेन मधोमध बोटाने उचलून तिचा ढिलेपणा अजमावणे, ब्रेकची पट्टी उरली किती हे पाहणे, टायरच्या खाचा अंगठ्याने चाचपणे, यांत जी एकाग्रता लागते ती मला पुष्कळ जपजाप्यांच्या ठायी आढळलेली नाही. एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गाडी धुण्यासाठी घेऊन गेलो तेव्हा आमच्या मेस्त्रींनी मागचे चाक हाताने फिरवून पाहिले आणि वर न बघताच म्हटले, “साहेब, पूजा उद्या करा, टायर आज बदला. तार दिसायला लागलीय.” एवढ्या थोडक्या शब्दांत कर्मकांड आणि कर्म यांचा क्रम लावून देणारा दुसरा आचार्य माझ्या माहितीत नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा झालीच. आमच्याकडे शस्त्रांच्या आणि आउतांच्या पूजेचा जो प्रघात आहे त्यात मोटारसायकलीचा समावेश कोणीही हुकूम न काढता झाला. टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, हँडलवर आपट्याची पाने खोचली जातात, झेंडूचा हार चढतो, नारळ फुटतो आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडीत गाडी बाहेर काढली जाते. या विधीची टवाळी करणे फार सोपे आहे आणि सुशिक्षित घरांत ती चहाबरोबर होतही असते. परंतु ज्या यंत्राच्या भरवशावर वर्षभर आपली हाडे सोपविली, त्याच्यापुढे एक दिवस हात जोडण्यात मला तरी अडाणीपणा दिसत नाही. मला आक्षेपार्ह वाटते ते त्या हात जोडण्यातील मागणे. त्या मागण्याचा रोख पाचव्या कारणाकडे, दैवाकडे, असतो. आणि त्यातला मजकूर बहुतेक वेळा असा असतो की, पहिल्या चार कारणांचा आढावा आमच्याकडून मागू नये, पाचव्याने सगळे परस्पर निभावून न्यावे.

राजस्थानात पाली जिल्ह्यातील चोटिला गावाजवळ, पाली ते जोधपूर या हमरस्त्यावर, एका मोटारसायकलीचे देऊळ आहे. 1988 साली ओम बन्ना नावाचा तरुण तेथे झाडावर आदळून गतप्राण झाला. पोलिसांनी त्याची बुलेट ठाण्यात नेऊन ठेवली, ती सकाळी पुन्हा अपघाताच्या जागी सापडली, टाकी रिकामी करून आणि साखळदंड घालूनही तोच प्रकार घडला, अशी आख्यायिका आहे. ती साडेतीनशे सी.सी.ची बुलेट आज काचेआड हारांनी मढून उभी असते आणि येणारेजाणारे वाहनचालक तेथे थांबून सुखरूप प्रवासाचा कौल मागतात. कित्येक जण मद्याचा नैवेद्यही दाखवितात, आणि रस्त्यावरील अपघातांच्या दैवतास मद्य अर्पण करावे यातला विरोध भाविकांना जाणवत नाही, हे नमूद करून मी पुढे जातो. आख्यायिकेच्या खरेपणाची खातरजमा करण्यात मला रस नाही. भरधाव जाणारी माणसे ज्या जागी एकाचा देह पडला तेथे वेग आवरून खाली उतरतात, ही गोष्ट मात्र कोणासही पाहता येण्याजोगी आहे. आणि मागणे कितीही भाबडे असले तरी ते उतरणे हा चार कारणांच्या आढाव्याचा आरंभ ठरू शकतो, असे मी मानतो. सगळ्यांच्या बाबतीत तो ठरत नसेल. पुष्कळ जण पुन्हा गाडीवर बसतात ते आता आपली काळजी कोणीतरी घेतो आहे अशा समजुतीने अधिकच जोरात निघण्यासाठी.

आता या पाचव्या कारणाची कैफियत जरा नीट तपासली पाहिजे. लोकव्यवहारात दैव म्हणजे कपाळावर लिहिलेले, टाळू म्हटल्याने न टळणारे, असा अर्थ रूढ आहे. शंकराचार्यांनी मात्र या ठिकाणी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता घेतल्या आहेत. डोळ्याने पाहावयाचे तर त्यामागे सूर्याचे पाठबळ पाहिजे. ज्ञानेश्वरांनीही आपल्या टीकेत पाचव्या स्थानी इंद्रियांच्या देवताच बसविल्या आहेत. हा अर्थ मी प्रथम वाचला तेव्हा तो मला निव्वळ पारंपरिक वाटला होता. कराडहून पाटण, कोयना मागे टाकून सायंकाळी कुंभार्ली घाटाने चिपळुणाकडे उतरताना तो अनुभवाचा झाला. घाटातल्या कित्येक वळणांवर तोंड थेट पश्चिमेकडे येते. मावळता सूर्य डोळ्यांच्या रेषेत उतरतो, हेल्मेटच्या काचेवरील बारीक ओरखडे, जे दिवसभर दिसतही नव्हते, एकाएकी पेटल्यासारखे होतात आणि काचभर प्रकाशाच्या सुयांखेरीज काही म्हणता काही दिसत नाही. वळणाच्या आत सावली, सावलीत कदाचित शेवाळ, कदाचित खडी, कदाचित वर येणारा ट्रक. अधिष्ठान शाबूत, कर्ता सावध, करण नुकतेच तपासलेले, चेष्टा अभ्यासाने मुरलेल्या; आणि ज्याच्या कृपेने डोळा पाहतो त्यानेच डोळ्याची वाट अडविलेली. अशा वेळी वेग उतरवून, हात कपाळाशी आडवा धरून, रस्त्याच्या कडेने पुढे सरकण्याला भिणे म्हणता येणार नाही. पाचव्याचे स्थान मान्य करण्याची ती रीत आहे.

सूर्य मावळल्यावर त्याची मुखत्यारी पुढच्या दिव्याकडे येते, आणि दसऱ्याचा हार नेमका त्याच दिव्यावर ओघळलेला मी दरवर्षी पाहतो. देवतेच्या प्रतिनिधीला फुलांनी आंधळे करून तिची कृपा भाकणारा हा भक्त विनोदी खरा. परंतु त्या दिव्याचे प्रयोजनच अलीकडे बदलले आहे. 2017 च्या एप्रिलपासून आपल्या देशात नव्या दुचाकीचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो आणि लख्ख उन्हातही बंद करता येत नाही. प्रारंभी अनोळखी माणसे हाताचा पंजा उघडमीट करून ‘दिवा चालू आहे’ असे परोपकारबुद्धीने सुचवीत. त्यांना समजावीत बसणे शक्य नव्हते की, हा दिवा मला दिसावे म्हणून नसून मी तुम्हाला दिसावे म्हणून आहे.

माझी सुरक्षितता दुसऱ्याच्या डोळ्यात वास करते, हे एकदा पटले की दैव नावाच्या अवाढव्य गोष्टीचे पुष्कळसे गूढ विरून जाते आणि त्या जागी माणसे दिसू लागतात. वळणावर सांडलेले डिझेल ज्या टँकरचे, तो कोणीतरी हाकीत होता. खड्डा बुजविल्याचे बिल कोणीतरी मंजूर केलेले असते. थांबलेल्या मोटारीचा दरवाजा मागे न पाहता उघडणारा गृहस्थ दुष्ट नसतो, घाईत असतो. यांपैकी कोणाचेही कर्म माझ्या पत्रिकेत लिहिलेले नव्हते. त्यांच्या चार कारणांची बेरीज माझे पाचवे कारण होऊन माझ्या चाकाखाली येते, इतकाच त्याचा माझा संबंध. सगळे दैव असे हिशेबात मांडून संपते असा माझा दावा नाही; कडा कोसळतो, कुत्रे आडवे येते, आणि त्यांस कोणाच्याही नावे खर्ची घालता येत नाही. तथापि जे माणसांकडून वसूल होण्याजोगे आहे ते परमेश्वराच्या खाती टाकण्याची आपली सवय मला नास्तिकतेपेक्षा अधिक अधार्मिक वाटते.

या बाबतीत आमच्या धर्मसभांपेक्षा कायदेमंडळाने अधिक विचार केलेला दिसतो. वाहन रस्त्यावर आणावयाचे तर विमा सक्तीचा, परंतु मोटार वाहन कायद्याची सक्ती आहे ती स्वतःच्या किंवा गाडीच्या विम्याची नव्हे, तर त्रयस्थाच्या विम्याची. 1939 च्या कायद्यात ती होती आणि 1988 च्या कायद्यातही आहे. जो माणूस मला ठाऊक नाही, ज्याची माझी कधी गाठ पडू नये अशीच माझी इच्छा आहे, त्याच्यासाठी मी आगाऊ तरतूद करून ठेवावी, असे शासन मला फर्मावते. 2019 च्या दुरुस्तीने तर चूक कोणाची हे शाबीत न करताही मृत्यूबद्दल 5 लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये भरपाई मागण्याचा मार्ग ठेवला आहे. दरसाल पॉलिसीचे पैसे भरताना आपण कुरकुरतो, कारण तो आपल्याला आणखी एक कर वाटतो. वास्तविक त्या दस्तऐवजात, कोणा अनोळखी माणसाचे पाचवे कारण कदाचित मी असेन, अशी माझीच लेखी कबुली असते.

आणि अनोळखी माणसाचे राहो, पाठीमागच्या सीटवर बसलेल्याचे काय? कठोपनिषदातील जो रथी मोटारसायकलीवर हरवला म्हणून मी वर तक्रार केली, तो खरे तर मागेच बसलेला असतो. त्याच्या हाती लगाम नाही, ब्रेक नाही, पुढचा रस्ताही माझ्या पाठीमुळे त्याला अर्धाच दिसतो. त्याच्या प्रवासाच्या सिद्धीत अधिष्ठान, करण आणि चेष्टा यांचा सगळा कारभार माझ्याकडे आणि त्याच्याकडे नुसता विश्वास. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 123 व्या नियमाने त्याच्यासाठी धरावयास आधार, पाय ठेवावयास जागा आणि कपडे चाकात गुंतू नयेत म्हणून निम्मे मागचे चाक झाकणारी जाळी, एवढी तजवीज केली आहे. बाकीची मी करावयाची. आई मागे बसते तेव्हा साडीचा घोळ आवरून, पदर कमरेला खोचून, एक हात माझ्या खांद्यावर ठेवते. हेल्मेट तिला जड होते, ते घालण्यावरून दर वेळी वाद होतो आणि तो मी जिंकतो. गाडी घाटाला लागली की तिची रामरक्षा सुरू होते. ती रामाला उद्देशून असते यात शंका नाही. पण राम आणि ती यांच्यामध्ये माझे दोन्ही कान येतात, आणि प्रत्येक आवर्तनास माझा उजवा हात ॲक्सिलरेटरवरून थोडा सैल होतो, असे माझ्या ध्यानात आले आहे. पायथ्याशी उतरल्यावर ती म्हणते, “बघ, रामानं सुखरूप आणलं.” मी म्हणतो, “आई, मी सावकाश आणलं.” यावर, सावकाश आणण्याची बुद्धी कोणी दिली, असा तिचा सवाल असतो, आणि घाटात ती रामरक्षा म्हणावयाची राहिली तर माझा वेग किती असता, याचा पुरावा माझ्याजवळ नसल्यामुळे हा दावा आमच्यात अद्याप तहकूब आहे.