कुंभारमाशीची शिकवण

श्रीदत्तप्रभूंच्या चोवीस गुरूंत शेवटचा गुरू कुंभारमाशी. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला तिचा दृष्टांत सांगतात. माशी अळीला मातीच्या घरट्यात कोंडते. अळी भयाने तिचेच ध्यान करते आणि शेवटी तिच्यासारखीच होते. मन प्रेमाने जडो, द्वेषाने की भीतीने, ज्याच्यावर जडते तसे ते होते. हा दृष्टांत आपण ईश्वरचिंतनासाठी ऐकतो. पण नियम दोन्हीकडे सारखाच लागू. नातवंडे तासन् तास मोबाईलवर माणसे टिपताना दिसली, की मला ती अळी आठवते.

अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये अमेरिकेत ७२ लहान मुलांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाला बाहुलीला बडवताना ज्या मुलांनी पाहिले, त्यांच्यात तसेच बडवण्याचे प्रमाण जास्त दिसले. अर्थात, असे खेळ खेळणारे प्रत्येक मूल मारकुटे होते, असे मी म्हणणार नाही. विद्वानांतही त्यावर वाद आहेत.

कोणी म्हणेल, "अहो, आपल्या पुराणांत काय कमी मारामारी आहे? नरसिंहाने हिरण्यकश्यपूचे पोट फाडले, भीमाने दुःशासनाची छाती फोडली!" खरे आहे. पण महाभारत तिथे थांबत नाही. युद्धानंतर स्त्रीपर्व येते, रणांगणावर गांधारी आपल्या मुलांची प्रेते पाहते. शांतिपर्वात जिंकलेला युधिष्ठिर राज्य नको म्हणतो. मारण्याची किंमत व्यास आपल्याला मोजायला लावतात. मोबाईलच्या खेळात मेलेला पुढच्या डावात उठून उभा राहतो. कुणाची आई रडत नाही, उलट गुण मिळतात. मला भीती आहे ती याची. हात उगारला जाईल न जाईल, पण दया बोथट होते.

२ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजीसह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, ती देशाच्या सुरक्षेसाठी. पुढच्याच वर्षी तो खेळ नव्या नावाने परत आला. मुलाच्या मनाची राखण सरकार करणार नाही, ती घरानेच करायची.

कशी करायची? नुसता मोबाईल हिसकावून भागत नाही. शेजारी बसावे आणि विचारावे, "बाळा, हा पडला त्याच्या घरी कोण वाट बघत असेल रे?" आणि आपणही जपावे. दिवेलागणीला देवापुढे दिवा तेवतो आणि समोर मालिकेत सून सासूच्या दुधात विष कालवते! आपण टक लावून बघतो आणि पोर मांडीला टेकून तेच बघते. घरटे मग कुणी बांधले?

दत्तजयंतीला पाळणा हलवताना पोरांना जवळ घ्यावे. गोष्ट सांगावी ती पुरती, शेवटच्या अश्रूंसकट.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥