विजयनगरचे घोडे आणि सातवीचा वर्ग

मध्ययुगातलं एखादं साम्राज्य शाळेत 'कृतीतून' शिकवायचं म्हटलं की आपल्याकडे आधी थर्माकोल आणला जातो. हंपीचा दगडी रथ आइस्क्रीमच्या काड्यांचा होतो, रात्री अकरा वाजता तो आई चिकटवते, आणि स्टेशनरीच्या दुकानातल्या तक्त्यावरचा कृष्णदेवराय कापून प्रकल्पवहीत जातो. मार्क मिळतात. पण विजयनगरबद्दल मुलाला काय कळलं म्हणाल, तर फेविकॉल वाळायला वेळ लागतो, एवढंच.

त्यापेक्षा दिवाळीतला मातीचा किल्ला बरा. तिथे निदान बुरूज ढासळतो, तळं कुठे करायचं यावरून भांडण होतं आणि ते पोरांनाच मिटवावं लागतं. वर्गातल्या कृतीला मी हीच कसोटी लावतो. त्या राज्यापुढची अडचण मुलांच्या अंगावर येते का? येत नसेल तर ते स्नेहसंमेलन झालं, इतिहासाचा तास नव्हे.

विजयनगरची अशी एक खरी अडचण म्हणजे घोडा. सातवीच्या पुस्तकात 'शिवपूर्वकालीन भारत' या पाठात विजयनगरच्या वाट्याला थोडीच जागा आली आहे. 1336 साली स्थापना, मग कृष्णदेवराय, मग दख्खनच्या सुलतानांशी 1565 ची लढाई, की आपण पुढे निघालो. घोडा मात्र हे सगळं बांधून ठेवतो. घोडदळाशिवाय दख्खनमध्ये कुणाचंच चालत नसे आणि लढाईच्या कामाचा उत्तम घोडा इथे पैदा होत नसे. तो होर्मुझ, एडनहून जहाजाने यायचा, गोवा, भटकळसारख्या बंदरांत उतरायचा. म्हणजे विजयनगरच्या रायाच्या सैन्याची नाडी समुद्रावर होती.

हे सांगून कळत नाही, खेळून कळतं. सामान अगदी साधं: होनांऐवजी चिंचोके, घोड्यांऐवजी पुठ्ठ्याचे तुकडे. एक गट रायाचा, एक विजापूरकरांचा, एक नायकांचा म्हणजे रायाच्या सरदारांचा, एक व्यापाऱ्यांचा, आणि मागच्या बाकांवर एक गट रयतेचा. पहिल्या फेरीत व्यापारी दहा घोडे जहाजात चढवतात आणि चिठ्ठ्या टाकतात. तीन घोडे वाटेत मेले. आता नुकसान कुणाचं? व्यापारी म्हणतात आम्ही का सोसायचं, रायाचे दरबारी म्हणतात मेलेल्या घोड्याचे पैसे कोण देतं? ही हुज्जत भरपूर चालू द्यावी. मग सांगावं की फर्नांव नूनिझ नावाच्या पोर्तुगीजाने लिहून ठेवलंय, विजयनगरचा राजा साळुव नरसिंह समुद्रात मेलेल्या घोड्याचेही पैसे देई; व्यापाऱ्याने शेपटी आणून दाखवली की झालं. वर्ग आधी हसतो. हसू ओसरलं की कुणीतरी विचारतंच, 'सर, एवढी गरज होती?' तिथे धडा सुरू झाला. चलाख मुलं आणखी पुढे जातात: शेपटी त्याच घोड्याची कशावरून? ही शंकाही झटकू नये. नूनिझ स्वतः घोड्यांच्या व्यापारातला माणूस. घोड्यांबद्दल एवढं भरभरून तोच का लिहितो, हा साधनांच्या चिकित्सेचा पहिला प्रश्न मुलांना असा आपसूक सापडतो.

दुसऱ्या फेरीआधी शिक्षकाने फळ्यावर फक्त '1510' लिहावं. गोवा विजापूरकरांच्या हातून पोर्तुगीजांकडे गेलं. व्यापाऱ्यांचे सगळे पुठ्ठ्याचे घोडे आता एकाच मुलीच्या हातात द्या; ती पोर्तुगीज. राय आणि विजापूर दोघंही तिच्या बाकापुढे उभे, भाव चढतोय, आणि ती दोघांनाही तंगवतेय. थोड्या वेळाने रायाच्या गटातून कुणीतरी तिला सुचवतं: पाहिजे तेवढे चिंचोके घे, पण त्यांना एकही घोडा देऊ नकोस. 1547 साली पोर्तुगीज आणि विजयनगर यांच्यात झालेल्या तहातलं एक कलम नेमकं हेच होतं. पाठ करायचं कलम मुलं स्वतःच शोधून काढतात.

नायकांची फेरी मी थोडक्यात उरकतो. जमीन मिळाली, त्या बदल्यात घोडे आणि शिपाई बाळगायचे. नूनिझच्या म्हणण्याप्रमाणे राजा वर्षाला 13,000 घोडे घेई, त्यातले निवडक स्वतःच्या पागेत ठेवी आणि देशी घोडे हजार परदाव नाण्यांना पाच या दराने नायकांच्या गळ्यात मारी. पैसे सप्टेंबरात चुकते करायचे. महानवमीचा दरबार भरायचा तो याच सुमारास. त्या दरबाराचा थाट मुलांनी चित्रात पाहिलेला असतो. ती वसुलीचीही वेळ होती, हे चिंचोके मोजताना लक्षात येतं.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. 1565 ची लढाई वर्गात 'लढवू' नये. दोन रांगा समोरासमोर केल्या की मधल्या सुट्टीत काय होतं ते शिक्षकांना ठाऊक आहे. त्याऐवजी नावं न घालता चिठ्ठ्या वाटाव्यात आणि कोण कुणाच्या बाजूचा ते ओळखायला लावावं. एकाने उमेदीच्या काळात गोवळकोंड्याच्या सुलतानाची चाकरी केली. एकाने आपल्या दरबारी मुसलमान तिरंदाज ठेवले. एका राजाने स्वतःला 'हिंदुराय सुरत्राण' म्हणजे हिंदू राजांमधला सुलतान म्हणवून घेतलं. पहिला रामराय, दुसरा देवराय (दुसरा), तिसरा बुक्कराय. विजयनगरकडून 1565 साली रणांगणात उतरलेला पहिलाच चिठ्ठीवाला निघतो, आणि मुलांनी मनात मांडलेल्या रांगा आपोआप विस्कटतात. याच बुक्करायाने 1368 साली जैन आणि वैष्णवांचा तंटा मिटवला, तो श्रवणबेळगोळच्या शिलालेखात आहे. त्यात जैनांच्या वाद्यांचा हक्क आहे, घरटी एक हण वर्गणी आहे, देवाच्या रखवालीला वीस माणसं आहेत. निवाड्याचं नाट्य करायचंच तर हे करावं. दोन्ही बाजूंचे वकील, आणि तोडगा असा की दोघांनाही घरी जाऊन सांगता येईल.

आता मागच्या बाकांकडे. एवढा वेळ रयतेच्या गटाने काय केलं? दर फेरीला मूठभर चिंचोके पुढे पाठवले, बस्स. अशा सगळ्या खेळांची हीच खोड आहे. बडबड करणारी मुलं राजा होतात, तालेवार नायक होतात आणि पन्नासातली वीस पोरं कंटाळतात. म्हणून काही शिक्षक रयतेचा गट ठेवतच नाहीत. मला ती चूक वाटते. त्या पोरांचा कंटाळा आणि चीड हाच या खेळातला सर्वांत खरा पुरावा आहे, कारण होर्मुझच्या घोड्याची किंमत शेवटी भातशेतातूनच निघत होती. शेवटच्या फेरीत त्यांचे चिंचोके संपत आले की त्यांना एकच विचारावं: आता काय कराल? कुणी रडगाणं गातं, कुणी चिंचोके लपवतं. एखाद्या वर्गात मागची दोन भांडकुदळ टोळकी एकत्र येतात आणि सांगतात, 'आम्ही कुणीच देणार नाही.'

मग 1429 ची चिठ्ठी काढावी. दुसऱ्या देवरायाच्या काळात तमिळ मुलखात वलंगै आणि इडंगै, म्हणजे उजव्या आणि डाव्या हाताच्या म्हणवणाऱ्या, एरवी एकमेकांशी भांडणाऱ्या जातिसमूहांनी एकत्र येऊन अधिकाऱ्यांची आणि जमीनदारांची जुलमी वसुली नाकारली, आणि तो ठराव देवळांच्या भिंतींवर कोरून ठेवला.