शाखेची जागा

नवे वाचनालय काढावे हा ठराव कोणत्याही सभेत एकमताने संमत होतो. ते कोठे काढावे हा विषय निघाला की त्या एकमताचे तुकडे होऊ लागतात. एकजण आपल्या आळीचे नाव सुचवितो, दुसऱ्याला देवळाशेजारची जागा योग्य वाटते, तिसरा सांगतो की अमुक गृहस्थ जमीन फुकट देत आहेत, तेव्हा चर्चेचे कारणच काय? मग वयोवृद्ध अध्यक्ष मध्ये पडतात आणि म्हणतात, "जागा कोणतीही असो, काम होणे महत्त्वाचे." वाद मिटतो, पण जो प्रश्न विचारावयास हवा होता तो तसाच राहतो. जागेचा प्रश्न हा केवळ सोयीचा प्रश्न आहे, अशी समजूत ह्या सामोपचारामागे असते. ही समजूत बरोबर नाही. जागा ठरविणे म्हणजे कोणी चार पावले चालावे आणि कोणी चार मैल चालावे, हे ठरविणे होय. आणि दुसऱ्याचे कष्ट आपण ठरवितो तेव्हा तो विषय नीतीचा झालाच.

विचारासाठी आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाची स्थिती घेऊ. गावात एक जुने वाचनालय आहे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचे. अशाच परंपरेतले हेही एक समजा. त्याची एक शाखा काढावयाची आहे आणि पैसा एकाच शाखेपुरता आहे. पुढे तीन जागा आहेत. पहिली, देवस्थानाच्या अग्रशाळेतील दोन खोल्या. दुसरी, बाजारात मोटारतळाजवळचा गाळा. तिसरी, गावाबाहेर गेल्या काही वर्षांत वाढलेल्या वस्तीतील मोकळी जागा; तेथे मजूर, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया आणि परगावाहून पोट भरावयास आलेली कुटुंबे राहतात. तिन्ही जागांचे पक्षपाती प्रामाणिक आहेत असे धरून चालू. कारण लबाडाशी वाद घालण्यात तत्त्वविचाराला काही मिळत नाही.

देवळाच्या जागेची बाजू हलकी नाही. तेथे छाया आहे, पाणी आहे, झाडलोट होते आणि भाडे द्यावे लागत नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की ज्या घरातली सून एकटी बाजारात जाऊन बसू शकत नाही, तिला देवळात जाते म्हणून सांगून निघता येते. म्हाताऱ्या माणसांचे पाय तिकडे आपोआप वळतात. शिवाय आपल्याकडे देऊळ हे केवळ पूजेचे स्थान कधीच नव्हते. पुराण, कीर्तन, नाटक, पाठशाळा ह्या साऱ्यांना त्याने आसरा दिला आहे. ज्या मंडपात शतकानुशतके पोथी लागली, तेथे पुस्तक का नसावे?

परंतु ह्याच जागेला एक अदृश्य उंबरठा आहे. अस्पृश्यता राज्यघटनेने नष्ट केली, आणि पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी 1947 साली उपोषण केले, ह्या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो. कायद्याने दार उघडते. पण ज्याच्या आजोबाला त्या दाराशी अडविले होते, त्याचे पाऊल दार उघडल्याबरोबर आत पडतेच असे नाही. पलीकडच्या वाड्यातील ख्रिस्ती किंवा मुसलमान शेजाऱ्याचीही तीच गत. त्याला कोणी "येऊ नकोस" म्हणणार नाही. पण "ये" असे ती जागाही म्हणणार नाही. पुस्तक मागावयास आलेल्या माणसाला आपण पाहुणे आहोत असे वाटू लागले, तर ते वाचनालय सार्वजनिक राहिले नाही.

बाजाराच्या जागेमागे शास्त्राचा आधार आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शियाळी रामामृत रंगनाथन् यांनी 1931 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पाच नियम सांगितले. पुस्तके वापरण्यासाठी आहेत, हा त्यांतला पहिला. आणि त्याच्या विवरणात त्यांनी ग्रंथालयाच्या जागेचा विचार केला आहे. दुकानदार जसा गिऱ्हाईक जेथे असेल तेथे दुकान थाटतो, तसे ग्रंथालयही माणसांच्या वाटेवर असले पाहिजे. बाजारात सर्व जातींचे, सर्व धर्मांचे लोक येतात. तेथे कोणी पाहुणा नाही. एका रुपयात अधिकांत अधिक वाचकांची सोय व्हावी, हाच निकष असेल तर गाळा जिंकला.

पण रंगनाथन् यांचा दुसराही नियम आहे: प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक. येथे "प्रत्येक" हा शब्द आला आणि हिशेब बदलला. पहिल्या नियमाचे लक्ष पुस्तकाकडे आहे. ते पडून राहू नये, कोणीही का होईना, ते वाचावे. दुसऱ्याचे लक्ष माणसाकडे आहे. कोणीही चालणार नाही, प्रत्येकजण हवा. म्हणून ह्या नियमाच्या विवरणात त्यांना श्रीमंत आणि गरीब, पुरुष आणि स्त्री, नगरवासी आणि ग्रामवासी ह्यांच्यातील अंतराविषयी लिहावे लागले. बाजारातील गाळ्याला मिळणारे वाचक बहुधा तेच असतील, जे थोडे पुढे चालून जुन्या वाचनालयात जाऊ शकले असते. त्यांची पाच मिनिटे वाचतील. वस्तीतल्या मुलाला मात्र वाचनालय पूर्वी जितके दूर होते तितकेच दूर राहील. अनेकांची थोडी सोय आणि थोड्यांची मोठी गरज ह्यांची बेरीज एकाच तराजूत करता येते का, हाच येथला खरा प्रश्न आहे.

ह्याचे उत्तर शोधताना आपल्या नित्यपाठातला एक विचार मला उपयोगी वाटतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक दानाच्या लक्षणांत देश, काळ आणि पात्र ह्यांचा विवेक सांगितला आहे. म्हणजे कोठे द्यावे, हा विचार दानानंतरचा नव्हे. तो दानाच्या व्याख्येतच आहे. भाष्यकारांनी येथे देश म्हणजे कुरुक्षेत्रासारखे पुण्यक्षेत्र असा अर्थ केला, आणि कोणी म्हणेल की मग देवस्थानाचीच जागा शास्त्रसंमत ठरली. पण त्याच श्लोकात आणखी एक लक्षण आहे: जो उलट उपकार करू शकत नाही त्याला दिलेले ते दान. आणि लगेच पुढच्या श्लोकात, परतफेडीच्या आशेने किंवा फळावर नजर ठेवून दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे. ही कसोटी तिन्ही जागांना लावून पाहावी. अग्रशाळेत येणारा वाचक उद्या देवस्थानाचा देणगीदार होईल. बाजारातला वाचक वर्गणी देईल आणि चार लोकांत संस्थेचे नाव काढील. वस्तीतल्या मुलापाशी परत देण्यासारखे काही नाही. त्याच्या घरच्यांना आपल्या कार्यकारिणीच्या निवडणुकीत मतही नाही. सात्त्विक दानाला लागणारे पात्र ते हेच. आणि पात्र जेथे राहते तोच दानाचा देश, असे म्हटल्याने गीतेवर अन्याय होतो असे मला वाटत नाही.

ह्यावर व्यवहारी माणूस विचारील, "तेथे वाचतो कोण? वर्षभर कपाटे बंद राहतील आणि लोकांचा पैसा मातीत जाईल." हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ओसाड वाचनालय हे दान नव्हे, दानाचे प्रदर्शन आहे. परंतु ह्या आक्षेपात एक गृहीत लपलेले आहे. मागणी आधी असते आणि वाचनालय तिच्यामागून येते, असे ते गृहीत. पाण्याची तहान उपजत असते. पुस्तकाची तहान पुस्तक हाती पडल्यावर लागते. जेथे पुस्तक पोहोचलेच नाही तेथे मागणी नाही असे म्हणणे, म्हणजे ज्याला बोलावलेच नाही तो पंक्तीला आला नाही म्हणून त्याला भूक नाही असे म्हणणे.

बडोदे संस्थानाचा अनुभव ह्या दृष्टीने मनन करण्यासारखा आहे. सयाजीराव महाराजांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शिकलेल्या माणसापाशी वाचावयास काही नसेल तर तो अक्षरे विसरतो, हे ओळखून त्यांनी 1910 साली विल्यम बोर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. तेथील योजनेचे एक सूत्र असे होते की गावाने जितकी वर्गणी जमवावी तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने घालावी. योजना न्याय्य होती आणि तिच्यामुळे गावेच्या गावे उभी राहिली. पण तिच्यात एक उणीव उघड आहे: ज्या गावाला वर्गणीही जमविता येत नाही त्याचे काय? त्याची भरपाई फिरत्या ग्रंथालयांनी केली. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगाव पाठविली जात आणि वाहतुकीचा खर्च सरकार सोशी. तिकडे मद्रास इलाख्यात मन्नारगुडीच्या परिसरात 1931 साली बैलगाडीतून पुस्तके खेड्यांत नेण्यात आली. जेथे इमारत जाऊ शकत नाही तेथे पेटी जाते, गाडी जाते. पुस्तकाने माणसाकडे जावे, हे तत्त्व मात्र सुटत नाही.

देवळाशी नाते असलेल्या वाचकाला हे तत्त्व परके वाटू नये. आपल्या कथेतला विठ्ठल भक्ताच्या दारी गेला आणि त्याने भिरकावलेल्या विटेवर उभा राहिला. भक्ताने सवड काढून आपल्याकडे यावे म्हणून तो अडून बसला नाही. उत्सवात पालखी देवळाबाहेर निघते, कारण ज्यांना येता येत नाही त्यांनाही दर्शन घडावे. गोमंतकात तर देवांनीच जागा बदलल्या. सोळाव्या शतकात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. तेव्हा पोर्तुगीज अंमलाबाहेर असलेल्या अंत्रुजात ही स्थाने नव्याने वसली, आणि स्थान बदलले म्हणून त्यांचे माहात्म्य उणे झाले असे कोणी म्हटले नाही. मूळ जागेपेक्षा माणसांशी असलेले नाते मोठे, हे ज्या समाजाने देवाच्या बाबतीत मान्य केले, त्याला पुस्तकाच्या बाबतीत ते जड का जावे?

ह्याच केळशीच्या कृष्णदास शामा यांचे नाव आज गोव्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आहे. ते ग्रंथालय पणजीत 1832 साली पोर्तुगीज राजवटीत निघाले. कोकणीतील रामायण-महाभारताच्या जुन्या गद्यकथांची रोमन लिपीतील हस्तलिखिते मात्र दूर पोर्तुगालात ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. तेथे ती नीट जपली गेली, हे खरे. पण ज्या मुलखाच्या बोलीत त्या कथा सांगितल्या गेल्या, तेथल्या माणसांना त्या शतकानुशतके अनोळखी राहिल्या. पुस्तक सुरक्षित असणे वेगळे आणि ते आपल्या माणसांत असणे वेगळे, हे आपल्या दोन्ही भाषांच्या वाचकाला सोसून कळलेले आहे.

आता एक नवा आक्षेप. हातातल्या भ्रमणध्वनीत सारे ग्रंथ मावू लागल्यावर जागेचा प्रश्न उरला तरी कोठे? ज्याच्या घरात स्वतंत्र खोली आहे त्याला तो कदाचित उरला नसेल. पण एका खोलीत सहा माणसे राहतात, तेथे दिवा, मेज आणि दोन तासांची शांतता ह्या गोष्टी भ्रमणध्वनीतून मिळत नाहीत. स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणारी मुले आज वाचनालयात येतात ती पुष्कळदा पुस्तकापेक्षा बसावयाच्या जागेसाठी. म्हणजे जागा हीच आता वाचनालयाची मोठी देणगी होऊन बसली आहे, आणि ती कोठे असावी हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे.

म्हणून माझे मत तिसऱ्या जागेकडे झुकते. मूळ वाचनालय काढावयाचे असते तर मी गावाच्या मध्याचाच पक्ष घेतला असता. पण येथे प्रश्न शाखेचा आहे, आणि जेथे खोडाची सावली पोहोचत नाही तेथे पसरणे हे शाखेचे काम. खोडाला बिलगून वाढलेली शाखा झाडाची शोभा वाढवील. नव्या वाटसरूला ऊन लागतेच.

मात्र ह्या निवडीबरोबर काही बंधने येतात आणि ती न पाळणाऱ्याने ही निवडही करू नये. वस्तीतली शाखा सकाळी दहा ते पाच उघडी ठेवण्यात अर्थ नाही. त्या वेळी तेथला माणूस कामावर असतो. ती संध्याकाळी उघडी हवी. तेथे किल्ली सांभाळणारा नव्हे, मुलांची नावे ठाऊक असणारा माणूस हवा. स्त्रियांना निर्धास्तपणे येता येईल असा दिवा आणि अशी वाट हवी. तेथे बोलल्या जाणाऱ्या भाषांतली, कानडी, हिंदी, उर्दू जी असेल तीतली, पुस्तके हवीत. पहिल्या वर्षाची वाचकसंख्या पाहून शाखा बंद करणार नाही, असा शब्द आधी द्यावयास हवा. आणि जागा पक्की करण्यापूर्वी वस्तीतल्या माणसांना, विशेषतः बायांना, विचारले पाहिजे. ज्याच्यासाठी घर बांधतो त्याला दार कोठे ठेवू हे न विचारणे, हा उपकारकर्त्याचा नेहमीचा दोष आहे.

राहता राहिले देवस्थान. त्याने ह्यातून अंग काढून घ्यावे असे मी म्हणत नाही. उलट सर्वांत अवघड वाटा त्याच्याकडे येतो. अग्रशाळेच्या दोन खोल्या देणे सोपे होते, कारण त्या देऊनही देवस्थानाच्याच राहिल्या असत्या. त्या खोल्या हवे तर आपल्या स्त्रीवाचकांसाठी आणि वृद्धांसाठी मासिकांचे वाचनदालन म्हणून खुशाल चालवाव्यात. पण शाखेसाठी द्यावयाचा तो निधी आपल्या आवाराबाहेर, आपल्या नावाच्या पाटीशिवाय, जेथून कोणी आभार मानावयास येण्याचा संभव नाही अशा जागी द्यावा. पुढच्या सभेत जागेचा विषय निघेल, तेव्हा कोणती जागा आपल्याला जवळ आहे हे महाजनांनी एकमेकांना विचारू नये. कोणती जागा कोणाला दूर आहे, हे विचारावे, आणि ज्याला सर्वांत दूर आहे तो सभेत बसला आहे का, हेही एकदा मान वळवून पाहावे.