पुढच्या रांगेतले कान

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये ऑक्टोबर सरत आला की घरोघरी पायऱ्यांवर भोपळे येऊन बसतात, झुडपांवर खोटी कोळिष्टकं चढतात आणि हिरवळीतून प्लास्टिकचे हात वर येतात. मराठी घरांत त्याच सुमारास दिवाळीची आवराआवर असते. त्यामुळे आतली कोळिष्टकं झाडायची आणि बाहेर विकतची लावायची, असा दुहेरी उद्योग चालतो. अशाच एका घरात ईरा नावाची अकरा वर्षांची मुलगी राहत होती. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, हॅलोविनला, आसपासची मुलं सोंगं घेऊन दारोदार हिंडत, कँडी गोळा करत आणि मग ईराच्या गॅरेजमध्ये जमत. गाडी बाहेर, मुलं आत. यंदा गाणी लावायचं काम ईराने हट्टाने मागून घेतलं होतं.

आईची अट एकच होती. शिवीगाळ किंवा अचकटविचकट काही असलेल्या गाण्याच्या नावाजवळ ॲपमध्ये छोटासा 'ई' दिसतो. "तो दिसला की गाणं बाद," मुग्धाने सांगितलं आणि ती चकलीच्या भाजणीकडे वळली. मोठ्यांना असा एखादा शिक्का सापडला की हायसं वाटतं. पुढचा विचार शिक्क्याने केलेला असतो.

ईराने अट तंतोतंत पाळली. अटी पाळून हवं ते करण्यात मुलं वकिलांना हार जायची नाहीत. तिच्या वर्गातला एक उंच मुलगा गेल्या वर्षी जाताना "बाळांची पार्टी" असं पुटपुटून गेला होता आणि ते तिच्या कानात वर्षभर राहिलं होतं. म्हणून तिने यादीत घेतलं 'सायको'चं संगीत, १९६० सालचं. बर्नार्ड हरमनने ते फक्त तंतुवाद्यांवर रचलेलं, व्हायोलिनच्या किंकाळ्यांसकट. मग १९७५ च्या 'जॉज'मधला शार्क, जॉन विल्यम्सने दोन सुरांवर पोहत आणलेला. आणि शेवटी खुद्द 'हॅलोविन', १९७८ चा सिनेमा, ज्याचं संगीत दिग्दर्शक जॉन कारपेंटरने स्वतःच केलं. यांतल्या एकातही शब्द नाही. शब्दच नाही तर 'ई' कुठून येणार?

पार्टीच्या आधी तिने गॅरेजमध्ये ध्वनिक्षेपक लावून पाहिला. तिचा बाबा अभय शिडीवर चढून नारिंगी दिव्यांची माळ अडकवत होता. तिचा चार वर्षांचा भाऊ ओम भोपळ्याच्या पोशाखात दोन्ही हात पसरून फिरत होता, कारण त्या पोशाखात हात खाली येतच नव्हते. कारपेंटरची पियानोची धून सुरू झाली. ओम थांबला. मग कोणाकडेही न पाहता तो कपडे धुण्याच्या यंत्रामागे गेला आणि तिथेच राहिला. रडला असता तर बरं झालं असतं, रडणाऱ्या मुलाचं काय करायचं ते घराला माहीत असतं.

"अगं, पण यात एक शब्दही नाही!" मुग्धा त्याला बाहेर ओढताना म्हणाली.

कोपऱ्यात घडीच्या खुर्चीवर माकडटोपी घालून तात्या बसले होते. वेंगुर्ल्याकडे उभी हयात दशावतारात पखवाज वाजवलेला माणूस. मुलाकडे, अभयकडे, सहा महिन्यांसाठी आलेले. ते मांडीवर बोटांनी मोजत होते. तीन, तीन, दोन, दोन. परत तीन, तीन, दोन, दोन.

"दहा मात्रा," ते म्हणाले. "झपतालाक पण दहाच. पण तो दोन-तीन, दोन-तीन चलता. त्येच्यात पाय बसता. ह्यो पाय बसाकच देना नाय."

ईराला निम्मंच कळलं, पण तालाचं कळलं. ती शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवायची. तिने सांगितलं की हा पाचाचा, म्हणजे दुप्पट मोजला तर दहाचा, ताल कारपेंटरला त्याच्या वडिलांनी लहानपणी बोंगोवर शिकवला होता.

"बापाशीन शिकवल्यान? मगे बरोबर." तात्यांना एकदम तो माणूस ओळखीचा वाटू लागला. "पण बाय, शिवी कानाक लागता, ह्या पोटात जाता."

यात अतिशयोक्ती नव्हती. कारपेंटरने आपला सिनेमा संगीताविना एका फिल्म कंपनीतल्या बाईंना दाखवला होता, तेव्हा त्या जराही घाबरल्या नाहीत. तोच मुखवटा, तोच सुरा, तेच अंधारे जिने. मग त्याने संगीत चढवलं आणि लोक खुर्च्या धरून बसले. भीती चित्रात कमी होती, त्या अडखळत्या पियानोत जास्त. आणि ईराने चित्र काढून टाकून नेमका पियानो तेवढा ठेवला होता.

मुग्धा आता दुसऱ्या टोकाला गेली. सगळी यादी पुसून तिने बालगीतं लावली. ईराने ती अर्धा मिनिट ऐकली आणि म्हणाली, "मग पार्टी सकाळी ठेव, दुपारी सगळ्यांना झोपवता येईल." यावर दोघींचं चांगलंच वाजलं. खरं सांगायचं तर ईराचंही चुकत नव्हतं. हॅलोविनच्या रात्री दात काढलेला, नखं कापलेला राक्षस कोणाला हवा असतो? मुलं घाबरायलाच येतात. घाबरलेलं मूल हसत घरी जाणार की अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडणार, एवढाच प्रश्न असतो.

तात्यांनी वाद मिटवायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी आपल्याच जत्रेतली गोष्ट काढली. आडदशावतारात वेद चोरणारा संकासूर येतो. नखशिखान्त काळा, तोंडावर काळं फडकं, त्यातून लोंबणारी लाल जीभ. "संकासूर इलो की पोरा आवशीच्या पदरात लपतत. मगे तो मालवणीत बोलाक लागता, भटाची फिरकी घेता, आणि तीच पोरा हसान हसान लोळतत." मग त्यांनी ईराला विचारलं, "तेव्हा पखवाजवाल्याची नजर खय आसता?"

"संकासुराकडे?"

"नाय. पुढच्या रांगेत. थय बारकी पोरा बसतत."

तात्या सांगत होते त्याचा अर्थ ईराला हळूहळू उमगत गेला. मागे पारावर बसलेले बाप्ये काय म्हणतात त्यावर पखवाज चढवायचा नसतो. पुढचं पोर किती ताणलं गेलंय ते बघायचं, आणि ते तुटायच्या आत संकासुराला बोलू द्यायचं. भय जितकं मोठं, तितका विनोद जवळ हवा.

त्या रात्री तात्या आणि ईराने नवी यादी केली. पहिलंच गाणं निघालं 'मॉन्स्टर मॅश'. बॉबी पिकेटने बोरिस कारलॉफच्या आवाजाची नक्कल करत गायलेलं हे गाणं १९६२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. त्याच गाण्याला बीबीसीने तेव्हा अभद्र ठरवून बंदी घातली, कारण त्यात स्मशान, शवपेटी वगैरे शब्द येतात. अकरा वर्षांनी ते ब्रिटनमध्ये पुन्हा निघालं आणि तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. म्हणजे शब्द बघून शिक्का मारणारे मुग्धाच्या आधीही होऊन गेले. गाणं तर असं की प्रयोगशाळेतला राक्षस टेबलावरून उठतो आणि नाचायला लागतो. संकासूरच की!

पण ईराला खरी गंमत वाटली ती त्यातल्या आवाजांची. शवपेटीचं झाकण करकरतं, तो फळीतून उपटलेला गंजका खिळा. कढई खदखदते, ती स्ट्रॉच्या नळीने पाण्यात फुंकर. बेड्या खळखळतात, ती जमिनीवर टाकलेली साखळी. तात्या उठले, गॅरेजच्या फळीवरून एक जुना खिळा आणि खिळे उपटायची हातोडी शोधून काढली आणि तो आवाज तिथल्या तिथे काढून दाखवला. अभय आतून धावत आला, त्याला वाटलं शिडी मोडली.

मग ओमला बोलावलं. "माका सांग, ह्यो आवाज कोण काढता?" तात्यांनी गाण्यातली कढई ऐकवून विचारलं. ओम यंत्राकडे सरकू लागला. ईराने बादलीत पाणी घेतलं, नळी त्याच्या तोंडात दिली. त्याने फुंकलं. पुढे झोपायच्या वेळेपर्यंत त्याच्या हातून ती नळी सुटली नाही आणि जिन्यापर्यंत सगळीकडे पाणी झालं.

बाकीची यादी भराभर झाली. 'घोस्टबस्टर्स', रे पार्कर ज्युनियरचं, १९८४ चं. त्यात मधे मधे प्रश्न येतो आणि सगळ्यांनी बेंबीच्या देठापासून उत्तर ओरडायचं असतं. घाबरलेल्या मुलाला ओरडायला दिलं की त्याची निम्मी भीती जाते. 'थ्रिलर'वर मात्र अडलं. ईरा ते सोडायला तयार नव्हती आणि नाचायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण शेवटी व्हिन्सेंट प्राइसचं खर्जातलं बोलणं येतं आणि मग ते हसू, जे ऐकून ओमच काय, मुग्धाही भाजणी चाळता चाळता थांबली. बोलण्याचा भाग नसलेली आखूड आवृत्ती मिळते, ती घेतली. शेवटाला तात्यांनी निवडलं ते कामीय सँ-साँसचं 'दान्स माकाब्र', १८७४ चं. हार्प मध्यरात्रीचे बारा ठोके देतो, मृत्यू व्हायोलिन छेडतो, त्याची एक तार मुद्दाम अर्ध्या सुराने उतरवलेली, आणि सांगाडे नाचू लागतात. त्यांची हाडं वाजतात ती झायलोफोनवर. अखेर ओबो कोंबड्यासारखी आरवते आणि भुतं पळत सुटतात. तात्यांनी ते डोळे मिटून दोनदा ऐकलं. "कोंबडो आरवलो की खेळ संपलो," ते म्हणाले. "ह्या माणसान दशावतार बघलेलो दिसता."

पार्टीच्या संध्याकाळी गॅरेज भरलं. परी, डायनासोर, दोन स्पायडरमॅन, एक वॉशिंग्टन. उंच मुलगा लांडग्याचा मुखवटा लावून आला होता. 'मॉन्स्टर मॅश' अर्धंही झालं नव्हतं, तो म्हणाला, "पुन्हा बाळांची पार्टी." त्याने स्वतःचा फोन ध्वनिक्षेपकाला जोडला आणि भिंतीवरचा दिवा बंद केला.

तीन, तीन, दोन, दोन.

मोठी मुलं चीत्कारली, ती खुशीत होती. ईराचं मनही क्षणभर तिकडे गेलं, शेवटी तिचीच तर आवड होती ती. मग तिने पुढच्या रांगेकडे पाहिलं. ओम बादलीपाशी होता, नळी तोंडात, फुंकर थांबलेली. त्याच्या शेजारची परी, पलीकडच्या घरातली, पंख धरून उभी होती आणि अंधारात दाराची कडी शोधत होती. तिच्यामागचा एक स्पायडरमॅन, चांगला नऊ वर्षांचा, मुखवटा काढून घाम पुसत होता.

दिवा लावून त्या मुलाला ओरडणं सोपं होतं. मुग्धा तेच करायला दारातून पुढे आलीसुद्धा. ईराने आधी कोपऱ्यातली साखळी उचलली आणि लांडग्याच्या हातात दिली. "बेड्या तुझ्याकडे. मी बोट दाखवलं की टाकायची. ताल चुकवू नकोस, सगळे तुझ्याकडे बघणार आहेत." मग तिने दिवा लावला आणि 'मॉन्स्टर मॅश' पहिल्यापासून सुरू केलं. खिळा तिने स्वतःकडे ठेवला. ओमने फुंकर मारली. लांडगा मुखवट्याआडून काहीच बघू शकत नव्हता, त्याने साखळी नेमकी चुकीच्या जागी टाकली, ती थेट स्वतःच्या बुटावर. परी फिस्सकन हसली. त्याने मुखवटा कपाळावर चढवला, लाल झाला आणि पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला बरोबर पडली.

मग कोणीच थांबेना. परीला खिळा हवा होता, दोन्ही स्पायडरमॅनना नळी, आणि वॉशिंग्टनला सगळंच. ईराला तेच गाणं इतक्यांदा लावावं लागलं की तात्या कानात कापूस घालून बसले. 'थ्रिलर'वर नाच झाला, 'घोस्टबस्टर्स'ला शेजारच्या कुत्र्यानेही उत्तर दिलं. शेवटी सँ-साँस. बारा ठोक्यांना मुलं आपण होऊन चूप झाली, हाडं वाजू लागली तशी एकमेकांना चिकटली. मोठी मुलंही. परीने कडी शोधली नाही, तिने लांडग्याची शेपटी धरली. ओबो आरवायच्या बेताला तात्या उठले, कापूस काढला आणि वेंगुर्ल्याच्या कोंबड्यासारखे असे आरवले की पोरं किंचाळत, हसत गॅरेजभर धावली.

जाताना उंच मुलगा दारात रेंगाळला. साखळी अजून त्याच्या हातात होती.

"पुढच्या वर्षी कोंबडा मी," तो ईराला म्हणाला.

"तात्या असतील तर नाही मिळणार. आणि आधी आरवून दाखवावं लागेल."

त्याने तिथेच पायरीवर उभं राहून आरवून दाखवलं. अगदीच वाईट होतं. आतून ओमचा आवाज आला, "परत!"