सेवा कोठे थांबावी?

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या घरी मंडळीतील लोक भेटीस जातात, तेव्हा बहुधा एकच चित्र दिसते. आजोबा खाटेवर, डावा हात चादरीखाली निपचित, आणि सून घास भरवीत आहे. उजवा हात धड असूनही चमचा सुनेच्याच हातात! "बाबा, राहू द्या, मी आहे ना," असे ती म्हणते, आणि वाटेने आपण तिची वाखाणणी करीत घरी येतो. ती त्या योग्यतेची आहेच. परंतु जे काम रोग्याला कष्टाने का होईना करता येईल, ते प्रेमापोटी त्याच्या हातून काढून घ्यावे काय?

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातील प्राध्यापक पेद्रो बाख-इ-रीता यांना 1959 साली, पासष्टाव्या वर्षी, असा झटका आला. वैद्यकाचे शिक्षण घेणारा त्यांचा मुलगा जॉर्ज त्यांना मेक्सिकोत आपल्या घरी घेऊन गेला. मूल आधी रांगते आणि मग चालते, म्हणून त्याने वडिलांना भिंतीच्या आधाराने रांगावयास लावले. जमिनीवर गोट्या खेळविल्या. भांडी घासताना दुबळा हात पंधरा मिनिटे एका बाजूने व पंधरा मिनिटे उलट फिरवावयाचा. शेजारी म्हणू लागले, एवढ्या विद्वान माणसाला कुत्र्यासारखे रांगविता, लाज कशी वाटत नाही? सुमारे वर्षभराने प्राध्यापक पुन्हा शिकवू लागले. पुढे कोलंबियात डोंगर चढताना हृदयविकाराने ते वारले. शवविच्छेदनात दिसले की, मेंदूची मोठी हानी तशीच होती. उरलेल्या भागांनी सरावाने काम उचलले होते.

त्या शेजाऱ्यांत आपणही असतो, असे आम्हांस वाटते. रोग्याची धडपड पाहवत नाही, म्हणून आपण चमचा घेतो. त्यात थोडे सुख आपल्याच डोळ्यांचे असते. इकडे न वापरलेला हात वापरणेच विसरतो. डॉ. एडवर्ड टॉब यांनी यावरच उपाय शोधला. धड हात दिवसाचा बराच वेळ मोज्यात अडकवून ठेवावयाचा आणि दुबळ्या हाताकडून तासन्‌तास काम करून घ्यावयाचे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत याचा चांगला गुण आला. मात्र त्या रोग्यांच्या हातात थोडी हालचाल शिल्लक होती.

म्हणून रोग्याला दरडावून उठवावे, असे नव्हे. झटक्यानंतर पहिल्या चोवीस तासांतच जोराने व वारंवार हालचाल करविल्यास अपाय होतो, असे 2015 च्या एका मोठ्या चाचणीत आढळले. तेव्हा वेळ व मात्रा डॉक्टरांनी ठरवावी, आणि "आज पुरे" म्हणण्याचा अधिकार रोग्याचा असावा. काहींचा हात वर्षानुवर्षे मेहनत करूनही उघडत नाही. त्यांच्यापुढे "विश्वास कमी पडला" असे बोलणारी माणसे आपल्या मंडळ्यांतही आहेत. त्यांनी भेटीस न गेलेले बरे.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षघाती मनुष्याची गोष्ट रविवारच्या शाळेत आपण रंगवून सांगतो. चौघे मित्र, उसकटलेले छप्पर! पण तीच बाज त्याने स्वतः उचलली, तेथे मुलांना घटकाभर थांबवीत नाही. चौघांनी ती घरापर्यंत नेऊन दिली असती, तर कोणी नावे ठेवली नसती.

भेटीत प्रार्थना झाली की आपण लगेच चपला शोधतो. त्याऐवजी आजोबांपुढे वाटाण्याच्या शेंगांचे ताट ठेवून, ते सोलतील तितक्या सोलू देत अर्धा तास बसावे. दाणे घरभर उडतील. सुनेलाही तेवढा वेळ पाठ टेकता येईल.